वाचकांचे प्रश्न : पदार्थ ऑक्सिडायझर आहे का, हे डीएससी सांगेल?

घन ऑक्सिडायझरच्या, म्हणजे ऑक्सिजन पुरवून दुसऱ्या वस्तूची आग भडकवणाऱ्या पदार्थाच्या, चाचणीबद्दल बरीच पत्रं साठली होती, म्हणून या वेळचं सदर या एकाच विषयाला दिलं आहे. बहुतेकांचा रोख एकच दिसतो: प्रयोगशाळेत डीएससी किंवा टीजीए आहे, त्यावर काम भागेल का? नवख्या वाचकांसाठी एवढंच सांगतो, की डीएससी पदार्थ ठरलेल्या गतीने तापवते आणि तो उष्णता घेतो की बाहेर टाकतो, हे मोजते. टीजीए म्हणजे भट्टीत टांगलेला तराजू. तापताना वजन किती घटलं ते तो दाखवतो.

प्रश्न (बोईसर) : एक नवं घन रसायन जहाजाने बाहेर पाठवायचं आहे. एजंट ‘वर्ग ५.१ मध्ये येतं की नाही’ याचा दाखला मागतो. आमच्याकडे डीएससी आहे. तिच्या आलेखावरून पॅकिंग ग्रुप लिहून देता येईल का?

नाही. आणि हे ‘नाही’ नियमावर बोट ठेवून दिलेलं नाही, त्यामागे रसायनशास्त्र आहे.

वर्ग ५.१ म्हणजे धोकादायक मालाच्या वाहतुकीतला ऑक्सिडायझरचा वर्ग, आणि पॅकिंग ग्रुप म्हणजे त्यातली धोक्याची पायरी (१ सर्वांत जहाल). या वर्गाचा प्रश्न असा असतो: हा पदार्थ जळाऊ वस्तूत मिसळला गेला तर आग किती वेगाने जाईल? संयुक्त राष्ट्रांच्या चाचणी-नियमावलीतली ओ.१ ही चाचणी नेमकं तेच बघते. नमुना आणि सेल्युलोज वजनाने १:१ आणि ४:१ या प्रमाणात मिसळतात, ३० ग्रॅम मिश्रणाचा शंकू करतात, तापलेल्या तारेने पेटवतात आणि किती सेकंदांत जळून संपतो ते मोजतात. तुलनेला पोटॅशियम ब्रोमेट आणि सेल्युलोजची तीन मिश्रणं असतात. ३:२ पेक्षा लवकर जळलं तर पॅकिंग ग्रुप १, २:३ इतकं किंवा त्याहून लवकर जळलं तर ग्रुप २, ३:७ इतकं किंवा त्याहून लवकर जळलं तर ग्रुप ३. पेटलंच नाही किंवा ३:७ पेक्षा जास्त वेळ लागला, तर पदार्थ ५.१ मध्ये नाही. ढोबळमानाने ही तीन संदर्भ मिश्रणं ४, ५४ आणि १०० सेकंदांत जळतात.

डीएससी मात्र दोनच गोष्टी सांगते: कोणत्या तापमानाला आणि किती उष्णता. वेग ती सांगत नाही, कारण एक-दोन मिलिग्रॅम नमुना यंत्राच्या भट्टीला बांधलेला असतो. ज्योत पुढे सरकायला तिथे जागाच नाही. पोटॅशियम परमँगनेट २५० अंश सेल्सिअसच्या आसपासच ऑक्सिजन सोडायला लागतं. पोटॅशियम परक्लोरेट एकटं तापवलं तर त्याच्या कितीतरी वर, ५०० अंशांच्या पलीकडे जाईपर्यंत टिकतं. तरी वाहतुकीच्या यादीत दोन्ही ग्रुप २ मध्येच आहेत. विघटनाच्या तापमानावरून क्रम लावायला गेलात तर इथेच फसाल.

मग डीएससीचा उपयोग काय? चाळणीचा. ३० ग्रॅमचा शंकू पेटवण्याआधी मिलिग्रॅमभर नमुन्यावर कळतं की हा पदार्थ कितपत तापट आहे, सेल्युलोजशी कोणत्या तापमानाला भिडतो, मिसळताना विशेष काळजी घ्यावी लागेल का. संशोधन विभागात दहा पर्याय हातात असतील तर त्यातले दोन निवडायला ती उत्तम. दोन बॅचमध्ये फरक का पडला, हेही तीच दाखवते. दाखला मात्र ओ.१ किंवा तिची पर्यायी चाचणी ओ.३ (तिच्याबद्दल पुढे) यांवरच मिळतो.

चाचणीआधी एकदा रेणूकडेही बघा. सेंद्रिय पदार्थात ऑक्सिजन, क्लोरीन, फ्लोरीन यांपैकी काहीच नसेल, किंवा असूनही ते फक्त कार्बनला वा हायड्रोजनला जोडलेले असतील, तर चाचणीची गरज नाही. अकार्बनी पदार्थात ऑक्सिजनही नाही आणि हॅलोजनही नाही, तरीही तेच. काही वेळा सगळा खर्च या दोन वाक्यांतच वाचतो.

प्रश्न (लोटे परशुराम) : चाळणी म्हणून डीएससी वापरायची तर नेमकं कसं? सेल्युलोज किती, पॅन कोणता, गती किती, हवा की नायट्रोजन?

आधी पॅन, म्हणजे नमुना ठेवायची इवलीशी वाटी. बंद, दाब सहन करणारे, आतून सोन्याचा मुलामा दिलेले स्टीलचे पॅन घ्या. उघड्या किंवा भोक पाडलेल्या पॅनमध्ये सेल्युलोजची वाफ आणि नमुन्याचा ऑक्सिजन दोघंही नायट्रोजनबरोबर निघून जातात आणि ज्या भेटीसाठी चाचणी करायची तीच होत नाही. साधे अॅल्युमिनियमचे पॅन तर नकोतच: वितळलेले नायट्रेट आणि पेरॉक्साइडसारखे अल्कली पदार्थ अॅल्युमिनियमला खातात, आणि त्या विक्रियेची उष्णता तुमच्या आलेखावर नमुन्याच्या नावाने जमा होते. क्लोरीन सोडणाऱ्या पदार्थांना सोन्याचा मुलामाही पुरत नाही. त्यांच्यासाठी वितळवून बंद केलेल्या काचेच्या बारीक नळ्या वापरतात.

नमुना किती? मिश्रण १ मिलिग्रॅमच्या आसपास ठेवा, २ च्या वर नको. हिशेब सोपा आहे. वायू भरपूर देणाऱ्या मिश्रणातून ग्रॅममागे सुमारे एक लिटर वायू निघतो असं धरा. म्हणजे १ मिलिग्रॅममधून १ मिलिलिटर. तो ३० मायक्रोलिटरच्या पॅनमध्ये कोंडला तर दाब झाला ३३ वातावरण, आणि तोही शून्य अंशाला. ४०० अंशांना तोच दाब ८० च्या घरात जातो. तुमचा पॅन १०० बारचा असेल तर ३ मिलिग्रॅम भरणं म्हणजे पॅन आणि सेन्सर दोन्हींवर पाणी सोडणं.

तापवण्याची गती मिनिटाला १० अंश, ३० पासून ५०० पर्यंत, बाहेर नायट्रोजन मिनिटाला ५० मिलिलिटर. हवेत केलं आणि पॅन नीट बंद झालेला नसला, तर सेल्युलोज हवेतल्या ऑक्सिजनवरच जळतं आणि मीठसुद्धा ऑक्सिडायझर ठरतं! तापमानाची आणि उष्णतेची तपासणी इंडियमवर (वितळण १५६.६ अंश, ग्रॅमला सुमारे २८.५ ज्यूल) आणि वर जस्तावर (४१९.५ अंश) करून घ्या. एकट्या इंडियमवर ४०० अंशांपर्यंतचा भरवसा ठेवू नका.

धावा, म्हणजे चाचणीच्या फेऱ्या, किमान चार प्रकारच्या हव्यात: नमुना एकटा, सेल्युलोज एकटं, दोघांचं मिश्रण, आणि भाजलेली अॅल्युमिना पूड घातलेलं सेल्युलोज. शेवटची धाव लोक गाळतात, पण तीच सांगते की नुसत्या निष्क्रिय पुडीने आलेख किती हलतो. सेल्युलोजबद्दल एक खास गोष्ट लक्षात ठेवा: नायट्रोजनमध्ये उघड्या पॅनमध्ये त्याचं ३३० ते ३६० अंशांचं विघटन उष्णता घेतं, तेच बंद पॅनमध्ये दाबाखाली कोळसा होताना उष्णता सोडतं. म्हणून तुलना नेहमी एकाच जातीच्या पॅनमध्ये करायची.

मग वजाबाकी. समजा, बंद पॅनमध्ये सेल्युलोज ग्रॅमला ४०० ज्यूल देतं आणि नमुना एकटा ५०. विक्रिया झाली नसती तर १:१ मिश्रणाने २२५ दिले असते. मोजले गेले १८००. मधले १५७५ ज्यूल ऑक्सिडीकरणाचे. नुसता ‘१८००’ असा आकडा अहवालात लिहिला तर वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. शिवाय कितव्या अंशाला हे झालं तेही बघा: मिश्रणाचं शिखर नमुन्याच्या स्वतःच्या विघटनाच्या पुष्कळ खाली आलं, तर सेल्युलोज त्याला ओढतंय, आणि वितळण्याबरोबर लगेच आलं तर द्रव होऊन संपर्क वाढताच विक्रिया सुरू झाली असं समजायचं.

आता जिथे खरी चूक होते तो भाग. ओ.१ साठी पोटॅशियम ब्रोमेट ०.१५ ते ०.३० मिलिमीटरच्या चाळणीतून घेतात. तीच पूड जशीच्या तशी डीएससीत वापरली तर काय होतं बघा. ०.३ मिलिमीटरचा एक कण साधारण घनाकृती धरला, घनता ३.२७, तर त्याचं वजन ०.०८८ मिलिग्रॅम भरतं. १ मिलिग्रॅमच्या १:१ मिश्रणात ब्रोमेट अर्धा मिलिग्रॅम. म्हणजे तुमच्या पॅनमध्ये जेमतेम पाच-सहा कण! एखादा कमी-जास्त झाला की उत्तर पंधरा-वीस टक्क्यांनी हललं. ३० ग्रॅमच्या शंकूत असेच दीड लाखाच्या वर कण असतात, म्हणून तिथे हा प्रश्न येत नाही. डीएससीसाठी नमुना आणि संदर्भ दोन्ही ५० मायक्रॉनच्या आसपास आणा; कणांची संख्या हजारावर जाते आणि पुनरावृत्ती जमते. मात्र अहवालात कणाचं माप लिहा, कारण बारीक पूड ही मालाच्या मूळ रूपापेक्षा तापट असते. याच कारणाने ओ.१ मध्येही नियम आहे: मालात ५०० मायक्रॉनखालची पूड वजनाने १० टक्क्यांहून जास्त असेल, किंवा माल हाताळताना चुरा होणारा असेल, तर सगळाच नमुना दळून घ्यायचा.

दळणं नेहमी वेगवेगळं. ऑक्सिडायझर एकटा, थोडा-थोडा, हलक्या हाताने, स्वच्छ अगेटच्या खलात. सेल्युलोजबरोबर खलात कधीच नाही. घासण्यानेच पेटू शकतं. मिसळायचं ते छोट्या डबीत, हलवून आणि उलटंसुलटं करून. मिश्रण साठवून ठेवू नका, लागेल तेवढंच करा आणि त्याच दिवशी वापरा.

प्रश्न (पुणे, एम.एस्सी.ची विद्यार्थिनी) : पोटॅशियम नायट्रेटच्या आलेखात १३० आणि ३३४ अंशांना दोन ठळक शिखरं येतात. ही ऑक्सिडीकारकतेची खूण म्हणायची का?

नाही, ती दोन्ही शिखरं उष्णता घेणारी आहेत. १३० च्या आसपास स्फटिकाची रचना बदलते, ३३४ ला मीठ वितळतं. ऑक्सिजन सुटणं त्याच्या बरंच वर. असेच ‘निरुपद्रवी’ बदल इतर क्षारांतही असतात: पोटॅशियम परक्लोरेटमध्ये ३०० अंशांना, सोडियम नायट्रेटमध्ये २७५ च्या सुमाराला आणि मग ३०७ च्या जवळ वितळण. टीजीए लावून बघा, या तापमानांना वजन हलत नाही. उष्णता हलली आणि वजन जागच्या जागी राहिलं तर तो रचनेचा किंवा वितळण्याचा बदल, एवढं नेमाने तपासलंत तर निम्मे गोंधळ सुटतील.

उष्णता बाहेर पडण्याचं शिखर वर दाखवायचं की खाली, हे प्रत्येक कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये वेगळं असतं. आलेखावर बाण काढून ‘उष्मादायी’ असं लिहायची सवय लावा. परीक्षकही तेच विचारतात.

प्रश्न (महाड) : ओ.१ चाचणी आम्ही स्वतः करून बघतो. उन्हाळ्यात येणारे आकडे आणि पावसाळ्यातले आकडे जुळत नाहीत. संदर्भ आणि नमुना दोन्ही त्याच दिवशी जाळतो, मग हवामानाचा फरक आपोआप रद्द व्हायला नको का?

होत नाही, आणि का होत नाही हे बघण्यासारखं आहे. पाणी धरतं ते मुख्यतः सेल्युलोज. कोकणातल्या पावसाळी हवेत ते उघडं राहिलं तर सहज सहा-सात टक्के ओलावा घेतं. आता ३:७ च्या संदर्भ मिश्रणात सेल्युलोज २१ ग्रॅम आहे आणि तुमच्या ४:१ मिश्रणात फक्त ६ ग्रॅम. ओलावा संदर्भाला जास्त आणि नमुन्याला कमी मंदावतो. संदर्भाचा वेळ लांबला की नमुना त्याच्या आत बसण्याची शक्यता वाढते, म्हणजे पावसाळ्यात एखादा निरुपद्रवी मालही ऑक्सिडायझर ठरू शकतो. विक्री विभागाची तक्रार येते ती अशा वेळी.

आकड्यात सांगायचं तर १५ ग्रॅम सेल्युलोजमध्ये ६ टक्के पाणी म्हणजे ०.९ ग्रॅम. ते तापवून वाफ करायला सुमारे २.३ किलोज्यूल लागतात. तुमची तार १५० वॅटची, म्हणजे तिची पंधरा सेकंदांची सगळी उष्णता नुसत्या पाण्यात गेली. जिथे तुलना ५४ सेकंदांशी आहे तिथे ही रक्कम बारीक नाही.

उपाय ठरलेलाच: सेल्युलोज २५ मिलिमीटरपेक्षा जाड नसलेल्या थरात पसरून १०५ अंशांना ४ तास, मग डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणारी सिलिका ठेवलेल्या बंद भांड्यात) थंड, आणि ओलावा कोरड्या वजनाच्या ०.५ टक्क्याखाली. ब्रोमेट ६५ अंशांना किमान १२ तास. डेसिकेटरमधली सिलिका निळी आहे म्हणून खात्री धरू नका. टीजीए आहे ना, सेल्युलोजचे ५-१० मिलिग्रॅम घ्या, १२० अंशांपर्यंत तापवा, घटलेलं वजन म्हणजे ओलावा. दहा मिनिटांचं काम आहे. तोलायला आणि शंकू करायला लागणारा वेळही मोजा. सगळी मिश्रणं सकाळी करून दुपारपर्यंत जाळत बसलात तर वाळवण्याचा उपयोग उरत नाही.

तारेकडेही एक नजर टाका. निकेल-क्रोमची, ३० सेंटिमीटर लांब, ०.६ मिलिमीटर जाड, मीटरला ६ ओहम. म्हणजे रोध १.८ ओहम, १५० वॅटसाठी साधारण १६.४ व्होल्ट आणि ९.१ अँपिअर. व्हेरिएकचा (व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचा) काटा बघून सोडून देऊ नका, तार जोडलेली असताना प्रत्यक्ष करंट मोजा, कारण एमआयडीसीत विजेचा दाब दिवसभर एकसारखा नसतो. जळून पातळ झालेली, खवले आलेली तार परत वापरू नका. शंकू काढायला ६० अंशांचं, ७० मिलिमीटर आतल्या व्यासाचं, बुडाशी बंद केलेलं काचेचं नरसाळं. पालथं घालताना ठोकू नका, दाबून भरलेला शंकू सैल शंकूसारखा जळत नाही. फ्यूम हूडचा ओढा सेकंदाला अर्ध्या मीटरच्या आत ठेवा. प्रत्येक मिश्रणाच्या पाच धावा, आणि घड्याळ तारेत वीज सोडल्यापासून मुख्य विक्रिया संपेपर्यंत. नंतर मागे राहिलेली एखादी ठिणगी तडतडली तर ती धरायची नाही.

प्रश्न (अंबरनाथ) : हा ‘मुख्य विक्रिया संपली’चा क्षण दोन जण बघतात आणि दोन वेगळे वेळ सांगतात. शिवाय ब्रोमेट हाताळायला लोक कुरकुरतात.

त्यांचं कुरकुरणं रास्त आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या यादीत पोटॅशियम ब्रोमेट माणसात कर्करोगाला कारण ठरू शकतं अशा पदार्थांच्या २ब गटात मोडतं, आणि आपल्याकडे २०१६ मध्ये पावात घालायलाही बंदी आली. दोन्ही अडचणींवर उत्तर ओ.३ चाचणीत आहे. तिथे संदर्भ म्हणून कॅल्शियम पेरॉक्साइड वापरतात, सेल्युलोजशी ३:१, १:१ आणि १:२ प्रमाणात, अनुक्रमे ग्रुप १, २ आणि ३ साठी. शंकू तराजूवर ठेवून जाळतात आणि एकूण वजनघटीच्या २० ते ८० टक्के या टप्प्यातला जळण्याचा वेग काढतात. सुरुवातीची धुसफूस आणि शेवटची राख दोन्ही हिशेबातून बाहेर पडतात, म्हणून डोळ्यांचं भांडण संपतं.

इथे टीजीए फार कामाला येते. संदर्भाचं कॅल्शियम पेरॉक्साइड ७५ टक्के शुद्धतेचं लागतं. शुद्ध पदार्थ ऑक्सिजन सोडून चुना होताना २२.२ टक्के वजन गमावतो. ७५ टक्क्यांच्या मालात ती घट १६.६ च्या आसपास यायला हवी. हा ढोबळ पडताळा, कारण मालातला कॅल्शियम हायड्रॉक्साइड ४०० अंशांच्या सुमाराला पाणी सोडतो आणि ती घट जवळजवळ तिथेच येऊन चिकटते. पक्का आकडा हवा असेल तर परमँगनेटने टायट्रेशन करा.

प्रश्न (सांगली) : सोडियम परकार्बोनेटच्या टीजीएत ३२ टक्के वजन घटतं. इतका ऑक्सिजन असेल तर हा ब्रोमेटपेक्षाही जहाल म्हणायचा!

घाई झाली. परकार्बोनेट म्हणजे सोडियम कार्बोनेट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांचं २:३ जोडकाम, रेणूभार ३१४. तुटताना पेरॉक्साइडमधून ऑक्सिजन आणि पाणी दोन्ही निघतात: ऑक्सिजन १५.३ टक्के, पाणी १७.२ टक्के, मिळून ३२.५. ब्रोमेटची घट २८.७ टक्के, पण ती सगळी ऑक्सिजनची. शिवाय परकार्बोनेटमधलं पाणी आणि मागे राहिलेला सोडा आग मंदावतात. वजनघटीचा आकडा मिळाला की ‘काय गेलं?’ हा प्रश्न लगेच विचारायचा. टीजीएला मास स्पेक्ट्रोमीटर जोडलेला असेल तर १८ (पाणी) आणि ३२ (ऑक्सिजन) हे दोन वस्तुमान आकडे एकत्र बघा. नसेल तर निदान समीकरण कागदावर मांडा.

आणखी एक फसवी घट परमँगनेटमध्ये दिसते. स्फटिक तडकून पॅनबाहेर उडतात आणि आलेखावर एकदम उभी पायरी येते. पहिल्या टप्प्याचा हिशेब १० टक्क्यांच्या आसपास बसतो. तुम्हाला २० दिसले तर आधी भट्टीच्या तळाशी जांभळे ठिपके पडलेत का ते बघा. भोकाचं झाकण आणि बारीक पूड यांनी हे आवरतं. पॅन अॅल्युमिनाचा घ्या: प्लॅटिनम पेरॉक्साइडचं विघटन स्वतःच घडवतं.

प्रश्न (नागपूर, महाविद्यालयीन शिक्षक) : डीएससीसाठी संदर्भ म्हणून अमोनियम नायट्रेट चालेल का? सहज मिळायचं.

‘मिळायचं’ हे बरोबर. २०१२ च्या अमोनियम नायट्रेट नियमांपासून साठवण आणि खरेदी परवान्याच्या चौकटीत आली आहे, आणि ती चौकट सांभाळणाऱ्या पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटनेचं, म्हणजे पेसोचं, मुख्यालय तुमच्याच गावात आहे. आधी तिथे विचारा.

पण परवाना मिळाला तरी संदर्भ म्हणून हे मीठ वाईट. ३२, ८४ आणि १२५ अंशांना रचना बदलते, १६९ ला वितळतं, वरून हवेतलं पाणी ओढतं. नागपूरच्या उन्हाळ्यात ३२ अंश म्हणजे सकाळची वेळ. रोज एकदा वर, एकदा खाली असं करत डब्यातला माल गोळा होतो आणि कणाचं माप बिघडतं. वर्गात दाखवायला पोटॅशियम नायट्रेट घ्या.

प्रश्न (ठाणे) : द्रव ऑक्सिडायझरलाही हेच लागू का?

नाही. द्रवासाठी ओ.२ ही वेगळी चाचणी आहे: २.५ ग्रॅम द्रव आणि २.५ ग्रॅम सेल्युलोज बंद पात्रात पेटवून दाब ६९० पासून २०७० किलोपास्कलपर्यंत चढायला लागलेला वेळ मोजतात.

प्रश्न (रोहा) : डीएससीत एकदा शिखर उभं न राहता मागे वाकून वेटोळं झालं. यंत्र बिघडलं का?

यंत्र ठीक आहे, नमुना जास्त झाला. विक्रियेची उष्णता इतक्या झपाट्याने सुटली की नमुना यंत्राच्या पुढे पळाला, आणि मग परत थंड होऊन कार्यक्रमाच्या रेषेवर आला. तापमानाच्या अक्षावर त्याचं वेटोळं दिसतं. तोच आलेख वेळेच्या अक्षावर काढा, सरळ होईल. उष्णतेचा आकडा कदाचित चालेल, पण शिखराचं तापमान लिहू नका. नमुना निम्मा करा किंवा गती मिनिटाला ५ वर आणा. हा पदार्थ मिश्रणात ठिणगीसारखा पेटतो, हा इशारा मात्र नोंदवून ठेवा. शंकू पेटवताना ढाल आणि अंतर त्यानुसार ठरवा.

नमुना सेंद्रिय असेल आणि त्याची एकट्याची विघटन-उष्णता ग्रॅमला ५०० ज्यूलच्या वर जात असेल, तर ऑक्सिडायझरच्या चाचणीला हातच घालू नका. आधी स्फोटक गुणधर्मांची तपासणी.

उरलेलं मिश्रण आणि पुसलेली पूड कापसाच्या किंवा कागदाच्या डब्यात टाकणं ही सगळ्यात सर्रास दिसणारी चूक. पाण्यात भिजवा, पाण्यानेच पुसा, ओल्या अवस्थेतच धोकादायक कचऱ्यात द्या. अॅसिटोनच्या बोळ्याने पुसायचं नाही. ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक आम्लाचे अवशेष कॅल्शियम हायपोक्लोराइटच्या किंवा अमोनियम क्षाराच्या डब्यात कधीच नाहीत. जलतरण तलावाच्या दुकानात ही दोन ‘क्लोरीन’ शेजारी दिसतात म्हणून ती एकत्र चालतात असं नाही; अमोनियम क्षाराबरोबर तर नायट्रोजन ट्रायक्लोराइड बनतं, आणि ते स्फोटक आहे.

प्रश्न (नवी मुंबई) : कॅल्शियम हायपोक्लोराइटचं उष्मादायी शिखर डीएससीत १७० अंशांच्या पुढे सुरू होतं. म्हणजे कंटेनर ६० अंशांपर्यंत तापला तरी शंभर अंशांची सुरक्षित दरी राहते, बरोबर?

हा ‘शंभर अंशांचा नियम’ अनेक ठिकाणी ऐकायला मिळतो आणि या मालाच्या बाबतीत तो धोकादायक आहे. डीएससीला दिसतं ते किलोमागे साधारण १० ते २० वॅट उष्णता सुटायला लागल्यावर. त्याखालचं विघटन चालूच असतं, फक्त मिलिग्रॅमभर नमुन्यातून ती उष्णता क्षणात निघून जाते. ४० किलोच्या ड्रमच्या मधोमध तशी निघून जात नाही, आणि एकमेकांना चिकटून रचलेल्या ड्रममध्ये तर आणखीच अडकते. आत तापमान चढतं, विघटन वाढतं, अजून उष्णता, मग ऑक्सिजन आणि क्लोरीन. जहाजांवर या मालाच्या कंटेनरला लागलेल्या आगी याच वाटेने गेल्या. म्हणून तो थेट उन्हापासून आणि उष्णतेच्या ठिकाणांपासून दूर ठेवायची अट आहे.

साठवणीचं तापमान काढायचं तर मालाच्या खऱ्या पॅकिंगवर किंवा पात्रातल्या मोठ्या नमुन्यावर समतापी (तापमान एकच ठेवून केलेली) चाचणी हवी. डीएससीवरूनच अंदाज बांधायचा असेल तर एका गतीवर थांबू नका: मिनिटाला १, २, ५ आणि १० अंश अशा धावा करा आणि सुरुवातीचं तापमान कसं खाली सरकतं ते मांडा. त्यातून सक्रियण ऊर्जा, म्हणजे तापमानाबरोबर विघटनाचा वेग किती वाढतो याचं माप, निघते, आणि तिच्यावरून ड्रमचा हिशेब करता येतो, पण ड्रमची उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता त्यात घालावी लागते. सात-आठ टक्के पाणी असलेला माल आणि कोरडा माल यांचे आलेख वेगळे येतात, तेव्हा ज्या बॅचचा कंटेनर भरायचा त्याच बॅचचा नमुना, सील केलेल्या बाटलीतून, उघडल्यावर लगेच पॅनमध्ये.